जमिनीवरून उठताना

सोमवार

काल मामेबहिणीकडे सत्यनारायण होता. हौसेनं खाली पंगत मांडली होती, केळीच्या पानांवर. बसताना काही वाटलं नाही. उठायची वेळ आली तेव्हा डावा हात जमिनीवर, उजवा हात शेजारच्या अनोळखी बाईंच्या खांद्यावर, एक गुडघा टेकलेला आणि तोंडातून 'आई गं'. खरी आई, वय ७८, समोरच्या रांगेतून कुठेही हात न टेकता उठली आणि पदर सावरत हात धुवायला गेलीसुद्धा. मला अजून ५३ पूर्ण व्हायची आहेत.

येताना रिक्षात आई काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा अर्थ मला लहानपणापासून कळतो.

मंगळवार

या उठाबशीची चक्क परीक्षा असते. क्लाउदिओ जिल अराउजो या ब्राझीलच्या डॉक्टरांनी ती रूढ केली. अनवाणी उभं राहायचं, आधार न घेता जमिनीवर बसायचं आणि तसंच उठायचं. बसण्याला ५ गुण, उठण्याला ५. हात, गुडघा, कोपर, जे टेकेल त्याचा एकेक गुण वजा. तोल गेला तर अर्धा. ५१ ते ८० वयाच्या २,००२ जणांची त्यांनी अशी परीक्षा घेतली, पुढे काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं आणि २०१२ साली निष्कर्ष छापले. कमी गुणवाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं.

वाचून पोटात गोळा आला. मग डोकं चालवलं. ज्याला आधीच काही दुखणं आहे, त्याला गुण कमीच पडणार. गुण कमी पडले म्हणून माणूस जात नाही. एवढा धीर स्वतःला देऊन दार लावून परीक्षा दिली. बसताना एक हात टेकला: ४. उठताना हात, गुडघा, शिवाय झोक गेला: अडीच. एकूण साडेसहा. दहावीला गणितात मिळाले होते त्यापेक्षा बरे.

बुधवार

आमच्या घरातून जमीन कधी गेली, याचा विचार करत होते. आधी ओटा आला, मग डायनिंग टेबल, मग कमोड, मग दांड्याचं पोछा. देवसुद्धा कमरेच्या उंचीवर गेले. दिवसभरात मी जमिनीवर एकदाही बसत नाही. आई विळीवर भाजी चिरायची, धुणं उकिडवं बसून धुवायची, निवडणं-टिपणं खालीच. तिची दिवसाकाठी वीस-पंचवीसदा ऊठबस होत असणार आणि तिला कोणी व्यायाम म्हटलं नाही.

पण पूर्वीचं सगळं चांगलं, असं मी लिहिणार नाही. मावशीनंही जन्मभर हेच केलं आणि तिचे दोन्ही गुडघे बदलावे लागले.

गुरुवार

सकाळी चटई टाकली. मांडी घालून बसायचं, उठायचं, पाच वेळा. पहिले तीन स्टुलाला धरून. बसताना धपकन पडायचं नाही, सावकाश खाली जायचं, असं ठरवलंय. चहाचं आधण ठेवून करते. पाणी उकळेपर्यंत पाच होतात. जिमला वर्षाचे पैसे भरून अकरा दिवस गेलेली बाई मी, मला एवढंच झेपतं.

शनिवार

मांड्या अशा भरून आल्यात की काल जिना उतरताना कठडा सोडवेना. गंमत म्हणजे चढताना एवढं दुखत नाही. खाली जाताना मांडीचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी आपलं वजन रोखूनही धरतो, म्हणजे ब्रेकचं काम. त्या कामात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं एक-दोन दिवसांनी टिपेला पोचतं. 'लॅक्टिक ॲसिड साचलंय' असं आम्हाला शाळेतले पीटीचे सर सांगायचे, पण ते साधारण तासाभरात निवळतं, दोन दिवस थांबत नाही. तेच काम पुन्हा केलं की दुसऱ्या खेपेला दुखणं कमी होतं म्हणतात. आज तीनच केले.

मंगळवार

दुखणं गेलं. आता मुंग्या. पोथी ऐकत वीस मिनिटं मांडी घालून बसले आणि डावं पाऊल माझं राहिलंच नाही. मला वाटायचं रक्त अडतं म्हणून मुंग्या येतात. मुख्य भानगड दाबल्या गेलेल्या नसेची असते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. त्याला वळसा घालून एक नस अगदी कातडीलगत जाते. मांडी घातली की ती चेपली जाते, पायाचे निरोप मधेच अडतात, आणि दाब सुटला की नस ताळ्यावर येताना भलतेसलते निरोप पाठवते. त्याच मुंग्या. मांडीची अदलाबदल करत बसले तर कमी येतात. आईला सांगितलं, तर म्हणाली, "त्यासाठी पुस्तक कशाला लागतं?"

शुक्रवार

उठताना गुडघा कट्‌ वाजतो. दुखत नाही, नुसता वाजतो. बोटांच्या आवाजाचं कोडं बरंचसं सुटलंय: सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो, त्याच्याशी त्या आवाजाचा संबंध आहे. यावर मला अमेरिकेतले डॉ. डोनाल्ड अंगर फार आवडले. बोटं मोडलीस तर संधिवात होईल, असं त्यांना आईनं दटावलं होतं. त्यांनी साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं रोज मोडली आणि उजवा हात तुलनेला ठेवला. संधिवात दोन्हीकडे नाही. २००९ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं, हसवून विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. आपल्याकडे कोणाच्या नावानं बोटं मोडायची तर दोन्ही हात लागतात, तिथे त्यांचा प्रयोगच फसला असता.

रविवार

आठ गुण! उठताना हात एकदा आणि गुडघा एकदा, बसताना काही नाही.

आईला म्हटलं, तू दे परीक्षा. तिनं आधी नाही-नाही केलं, मग डोळ्यांवरचा चष्मा काढून टीव्हीवर ठेवला, साडी घोट्यावर घेतली आणि बसली. उठली. शेवटी पाऊल जरासं सरकलं. मी साडेनऊ दिले.

"अर्धा कशाचा कापलास?"

"झोक गेला."

"झोक नाही, चटई सरकली."

चटई गुंडाळून तिनं फरशीवर पुन्हा परीक्षा दिली. या वेळी मी चहा गाळत होते, तर म्हणाली, "बघितलंस का?" मी नाही म्हटलं. ती तिसऱ्यांदा खाली बसली.