चौथा दिवस सोमवारी आला तर

बर्लिनच्या किटात, म्हणजे तिथल्या बालवाडीत, लेकराला दारात सोडून पळता येत नाही. पहिले तीन दिवस आईनं किंवा बापानं तासभर आत गप्प बसायचं. 'जा, खेळ' म्हणून ढकलायचं नाही. चौथ्या दिवशी लेकराला 'येते' असं सांगूनच बाहेर पडायचं, तेही जास्तीत जास्त अर्धा तास. किटातल्या ताईनं जवळ घेतल्यावर दोन-चार मिनिटांत रडू थांबलं नाही, तर लगेच परत बोलावतात. चौथा दिवस सोमवार आला तर हा प्रयोग मंगळवारी, कारण दोन दिवसांच्या सुट्टीनं लेकरू पुन्हा नवखं झालेलं असतं. याला आइनगेव्योनुंग म्हणतात. आपल्या भाषेत रुळवणं. यात दोन-तीन आठवडे सहज जातात.

आपल्याकडं 'रडून रडून राहतं' हे शास्त्र.

तरी बर्लिनचं फार कौतुक नको. 2018 च्या ऑगस्टपासून बर्लिनमध्ये किटाला फी नाही, जेवणाचे महिन्याला 23 युरो तेवढे. वर्षाच्या लेकराला जागेचा कायदेशीर हक्क देशभर 2013 पासून आहे. पण देशात बऱ्याच ठिकाणी जागा अपुऱ्या, आणि असतील त्या पहिल्यांदा मिळतात शिकलेल्या, जर्मन बोलणाऱ्या आईबापांना. सफाईकाम करणाऱ्या बाईला रुळवायला तीन आठवडे रजा कोण देणार? त्या हक्काच्या 38 वर्षं आधी, 1975 ला, आपली अंगणवाडी निघाली. तीन ते सहाच्या लेकराला रोज 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं हे तिचं 2023 च्या आधीचं माप होतं. हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

अडतं ते दिवाळीनंतर. ऊसतोडीला जाणारा बीडकडचा कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, टोळी साखर कारखान्यावर. लेकराचं नाव गावच्या अंगणवाडीच्या पटावर, लेकरू तिकडं कोपीत, म्हणजे झोपडीत, सांभाळायला आठ-नऊ वर्षांची बहीण. तिकडं शहरात परीक्षेच्या तयारीचा लातूर पॅटर्न आता नर्सरीपर्यंत उतरलाय: तीन वर्षांच्या बोटांना एबीसीडी गिरवायला लावतात. त्या बोटांना अजून पेन्सिल नीट पेलत नाही. त्यांना कणीक मळू द्यावी, शेंगा सोलू द्याव्यात. फी भरूनसुद्धा हे मिळत नाही.

लेकराची भाषा वाढते ती मोठ्या माणसाच्या मोकळ्या वेळात, आणि वाटणीत खरी तफावत त्याचीच आहे. भाकरी थापताना दहा मिनिटं निघतात. लेकरू 'गाय' म्हणालं की 'हो, तांबडी गाय, कडबा खातीय' एवढं जोडायचं. मग एक प्रश्न: 'कुणाची असंल?' आणि मनात पाच आकडे मोजायचे. गडबड इथंच होते: दुसऱ्या आकड्याला आपणच उत्तर देतो, नाहीतर 'सांग, हा रंग कोणता' अशी तोंडी परीक्षा सुरू होते. तूर, हरभरा, मूग वेगळे करायला लावणं चांगलं, पण तीन वर्षांखाली नको. दाणा नाकात जातो. त्यांना डब्यांची झाकणं द्यावीत, लहानमोठी लावायला.

टोळी उन्हाळ्यात परत आली की तेच लेकरू अंगणवाडीच्या दारात पुन्हा नवखं. तिथं आजीला तीन दिवस तासभर आत बसू द्यावं. चौथ्या दिवशी तिनं 'पाणी भरून येते' म्हणून सांगून जावं, आणि पाणी भरून यावंच. तो बाजाराचा दिवस मात्र नसावा.