क्लबचा हिशोब, दोन पूर आणि बाबांची वही

2023 च्या मार्चअखेर आमच्या नौकानयन क्लबच्या खात्यात जेमतेम चार महिने निभावतील एवढेच पैसे उरले होते, आणि खजिनदार या नात्याने तो आकडा समितीपुढे ठेवण्याची जबाबदारी माझी होती. ऑकलंडमध्ये मी अशा क्लबचे काम करते म्हटले की नागपुरातल्या मैत्रिणींना श्रीमंतांची चैन आठवते. आमच्याकडे एक पत्र्याची शेड, एक छोटा हॉल, एक सुरक्षा बोट आणि मुलांसाठी काही ऑप्टिमिस्ट नावा आहेत. पगारी माणूस एकही नाही. ऑप्टिमिस्ट म्हणजे एका मुलाने एकट्याने हाकायची, 2.3 मीटर लांबीची आणि 35 किलो वजनाची शिडाची नाव. इथे भरती-ओहोटीतला फरक तीन मीटरच्या आसपास असतो. ओहोटीला नावा पाण्यात उतरवायच्या रॅम्पच्या टोकाशी नुसता चिखल उरतो, त्यामुळे शनिवारचा वर्ग भरतीची वेळ पाहूनच ठरवावा लागतो.

शुक्रवार, 27 जानेवारीला ऑकलंडच्या विमानतळावर एका दिवसात सुमारे 245 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आमच्या शेडमध्ये गुडघाभर पाणी शिरले, सुरक्षा बोटीचे इंजिन त्यात बुडाले आणि हॉलची लाकडी जमीन फुगून वर आली. त्यातून सावरण्याआधीच फेब्रुवारीत गॅब्रिएल चक्रीवादळ आले. सांडपाणी समुद्रात मिसळल्यामुळे कित्येक दिवस मुलांना पाण्यात उतरवता आले नाही. आमच्या दोन सभासदांच्या घरांवर तर ‘प्रवेशास मनाई’ अशी लाल पाटी लागली, आणि त्यांच्याकडे वर्गणी मागायची नाही हे समितीने चर्चेविना ठरवले.

वाद झाला तो पुढच्या खर्चावर. हॉल भाड्याने दिला की पैसा येतो, म्हणून आधी हॉलची जमीन दुरुस्त करावी असे बहुतेकांचे मत होते, आणि मलाही ते पटत होते. बँकेतून निवृत्त झालेले माझे बाबा नागपुरात, अंबाझरी तलावाजवळच्या अंबाझरी लेआउटमधल्या घरी बसून दर रविवारी व्हिडिओ कॉलवर क्लबचा जमाखर्च माझ्याकडून ऐकत आणि लाल कापडी बांधणीच्या वहीत उतरवून घेत. त्या रविवारी त्यांनी पेन खाली ठेवले. “तुमचा क्लब हॉल भाड्यानं द्यायला काढला का पोरांना नाव शिकवायला? शाखेत पाणी शिरलं तर आपण आधी काउंटर चालू करतो, रंगकाम मग.” सुरक्षा बोटीशिवाय मुलांना पाण्यात सोडता येत नाही, आणि शनिवार बंद राहिले तर आईवडील मुलांना दुसरीकडे नेतील, हे मी दुसऱ्या दिवशी समितीला आकडे मांडून दाखवले. इंजिन हप्त्यांवर घेतले. हॉलची जमीन सभासदांनीच हिवाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी उखडली, आणि ती वर्षभर उघडीच राहिली. विम्याचा हप्ता वाढून आला. शिवाय संस्थांसाठीच्या न्यूझीलंडच्या 2022 च्या नव्या कायद्यानुसार क्लबची घटना बदलून पुन्हा नोंदणी करायची होती, त्या कागदपत्रांत अनेक संध्याकाळी गेल्या.

23 सप्टेंबरला, शनिवारी, दुपारी बारा वाजता मी रॅम्पवर उभी राहून एका मुलीच्या नावेचे सुकाणू बसवून देत होते, तेव्हा बाबांचा फोन आला. नागपुरात पहाटेचे साडेपाच वाजले होते. “अंबाझरी ओसंडला गं. नाग नदीचं पाणी घरात आलंय. आम्ही वरच्या मजल्यावर आहो, घाबरू नको.” माझे हात थरथरत होते. नऊ वर्षांची ती मुलगी स्वतःच सुकाणूची खीळ लावून माझ्याकडे पाहत राहिली.

त्या संध्याकाळी क्लबमधल्यांनी मला जे सांगितले, ते मी जसेच्या तसे बाबांना सांगितले: भिंतीवर पाणी कुठवर आले त्या खुणेचे फोटो आधी काढा, मग चिखल उपसा, फ्रिज आणि पाण्याची मोटार पूर्ण वाळल्याशिवाय चालू करू नका, भिजलेल्या गाद्या घरात ठेवू नका. जानेवारीत हे सारे आम्ही चुका करत शिकलो होतो.

पुढच्या रविवारी व्हिडिओवर घर ओळखू येत नव्हते. दिवाणखान्यात दोरी बांधून बाबांनी वहीची सुटी झालेली पाने चिमट्यांनी टांगली होती, पंखा मंद चालू होता, आणि शाई पसरलेल्या एका पानाजवळ चष्मा नेऊन ते विचारत होते, “ऑगस्टचा इंजिनचा हप्ता भरला होता ना? इथलं मला वाचता येऊन नाही राहिलं.”