रिंग स्विफ्टमध्ये नेली त्याची गोष्ट

आमच्या ॲपमध्ये प्रोग्रेस दाखवणारी एक गोल रिंग आहे. ॲपलच्या ॲपसाठीच्या जुन्या भाषेत, ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये, लिहिलेला सीएलेयरचा (पडद्यावरचं चित्र सांभाळणारा ॲपलचा तयार क्लास) सबक्लास. ‘प्रोग्रेस’ला नवी व्हॅल्यू दिली की रिंग आपसूक तिथवर सरकते, वापरणाऱ्याने ॲनिमेशनचं नावही काढायचं नाही. परवा तो क्लास स्विफ्ट या ॲपलच्या नव्या भाषेत आणला. कोड जेमतेम पानभर, पण त्यातलं निम्मं काम पडद्यामागे चालतं.

खरी मेख प्रॉपर्टीच्या घोषणेत आहे. जुन्या कोडमध्ये ‘@डायनॅमिक’ होतं, म्हणजे गेटर-सेटर (व्हॅल्यू वाचणारा आणि बदलणारा कोड) कंपायलरने बनवायचे नाहीत, ॲप चालताना कोअर ॲनिमेशन ही ॲपलची ॲनिमेशनची यंत्रणा पुरवणार. स्विफ्टमध्ये साधी ‘व्हार’ लिहिली तर कंपायलर हूं की चूं करत नाही, फक्त रिंग ढिम्म हलत नाही. व्हॅल्यू बदलल्याचं लेयरला कळतच नाही, त्यामुळे या बदलासाठी कोणतं ॲनिमेशन चालवायचं हे सांगणाऱ्या ‘ॲक्शन फॉर की’ या मेथडला कुणी विचारतही नाही. तिथे ‘@डायनॅमिक’चंच काम करणारं ‘@एनएसमॅनेज्ड’ हवं. मग सुरुवातीची व्हॅल्यू घोषणेतच देता येत नाही, ती ‘डिफॉल्ट व्हॅल्यू फॉर की’मधून द्यायची. (कोअर डेटा या डेटा साठवायच्या यंत्रणेसाठी ओळखलं जाणारं ॲट्रिब्यूट चित्र काढणाऱ्या क्लासमध्ये बघून रिव्ह्यू करणारा हमखास भुवया उंचावतो. वर एक कमेंट टाकून ठेवा.)

दुसरं, ‘इनिट लेयर’, म्हणजे एका लेयरवरून दुसरा बनवणारा इनिट (ऑब्जेक्ट तयार करणारा कोड). ॲनिमेशन चालू असताना कोअर ॲनिमेशन लेयरच्या प्रती काढतं आणि त्या याच इनिटमधून जन्मतात. रिंगची जाडी, रंग या साध्या प्रॉपर्टी तिथे हाताने कॉपी कराव्या लागतात. नाहीतर ॲनिमेशनभर रिंग भलत्याच रंगात दिसते आणि थांबली की मूळ रंगावर येते. शिवाय क्लासला स्वतःचा वेगळा इनिट असेल तर स्विफ्टमध्ये हा आपोआप वारशाने मिळत नाही. ॲप चालताना थेट क्रॅश.

‘ॲक्शन फॉर की’ मात्र जवळपास जशीच्या तशी आली. ‘फ्रॉम व्हॅल्यू’, म्हणजे सुरुवातीची व्हॅल्यू, प्रेझेंटेशन लेयरवरून (त्या क्षणी पडद्यावर दिसणारी लेयरची प्रत) घ्यायची, म्हणजे मध्येच प्रोग्रेस बदलला तरी रिंग जिथे दिसतेय तिथूनच पुढे जाते. ‘टू व्हॅल्यू’, म्हणजे शेवटची, रिकामी ठेवायची. वेळ न सांगितल्यास 0.25 सेकंद.

जुन्या कोडमध्ये ‘प्रोग्रेस’ हे नाव जागोजागी स्ट्रिंग म्हणून टाइप केलेलं होतं. आता प्रॉपर्टीचं नाव कंपायलरकडून तपासून घेणारं ‘#कीपाथ’ आहे, स्पेलिंग चुकलं तर बिल्डच होत नाही. एवढ्यासाठी स्विफ्टला पैकीच्या पैकी.