एक जून

रविवार, १ जून २०२५, रात्री

सकाळपासून फोन टुणटुण वाजतोय. गावाच्या ग्रुपवर नुसते केक आणि फुगे. आज अर्ध्या गावाचा वाढदिवस. सरपंचांचा, त्यांच्या विरोधकाचा, गिरणीवाल्याचा, माझ्या दोन चुलतभावांचा, माझा. पुण्यात ऑफिसात एकीनं मला खरोखर विचारलं होतं, "तुमच्या मराठवाड्यात सगळी पोरं जूनमध्येच होतात का गं?" मी हसले. तिला काय सांगणार, की यातल्या बऱ्याच जणांना एक जूनला जन्माला माझ्या आत्यानं घातलंय.

आत्या जाऊन आज अठरा दिवस झाले. तिचाही वाढदिवस आजच. कागदावर.

शाळा जूनमध्ये भरायची, पहिलीला सहा वर्षं पुरी लागायची, आणि घरी जन्माची नोंद कुणाकडंच नसायची. आईला विचारलं तर "मोठ्या पावसात झालं बघा" नाहीतर "येरमाळ्याच्या जत्रंला पोटात होतं" एवढंच. मग गुरुजी सरळ एक जून टाकून मोकळे व्हायचे. वय मोजायचं माप एकच. उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरता आला, की पोरगं सहा वर्षांचं.

आत्याचे हात लांब होते. कळंबजवळच्या आमच्या गावात १९५३ साली तिनं गुरुजींसमोर पहिल्याच झटक्यात कान धरला आणि गुरुजींनी लिहिलं, १ जून १९४७. आजी शेवटपर्यंत चिडायची. कारण आत्या झाली ती रझाकारांच्या धामधुमीत, १९४८ च्या श्रावणात. ओली बाळंतीण असताना तिला पदरात बांधून आजी बार्शीच्या बाजूला पळाली होती. बार्शी तेव्हा निजामाच्या हद्दीबाहेर. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली तेव्हा लेकरू महिन्याचं होतं. म्हणजे शाळेत बसली तेव्हा आत्या पाच वर्षांचीसुद्धा नव्हती. आजोबा शेजारीच उभे होते, पण त्यांचं शिक्षण उर्दूतलं. मास्तरांनी देवनागरीत काय लिहिलं ते न वाचताच त्यांनी खाली उर्दूत सही ठोकली.

हे सव्वा वर्ष आत्या विसरली नाही. ३१ मे २००५ ला, कागदावरच्या वयानं, ती शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाली. हार, नारळ, साडी, भाषणं. रात्री ओसरीवर पाय चोळत म्हणाली, "अजून एक बॅच चौथीला नेली असती मी. त्या मास्तरानं खाल्ली माझी."

तरी तिनं स्वतः काय केलं? तेच. फक्त उलट्या दिशेनं.

तिचं प्रवेशाचं टेबल मी फार जवळून पाहिलंय. जूनमधली दुपार, पत्र्याच्या वर्गात उकडून निघालेलं, टेबलावर ते मोठं जनरल रजिस्टर. कोपऱ्यात शाईची दौत आणि टिपकागदाचा तुकडा. पोरगं आलं की आत्या आधी त्याचं नाक पुसायची, मग म्हणायची, "धर कान." पोरगा असला आणि बोटं कानापासून दोन अंगुळं लांब राहिली, तर म्हणायची, "पुढच्या वर्षी ये राजा." पोरगी असली की खेळ वेगळा. आठ वर्षांची, धाकट्या भावाला कडेवर घेऊन आलेली पोरगी सहज कान धरून वर पिरगाळूनही दाखवायची. आत्या तिच्याकडं बघायची, तिच्या आईकडं बघायची, आणि लिहायची सहा.

का, ते मला फार उशिरा कळलं. माझी तारीखही तिनंच पुढं सरकवलेली. मी झाले येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, दुसऱ्या दिवशी. आई सांगते, शेतातली भज्जी-आंबील खाऊन बैलगाडीतून घरी येतानाच कळा सुरू झाल्या. आत्यानं मला ढकललं पुढच्या एक जूनला. लहानपणी त्यावरून मी तिच्याशी पुष्कळ भांडले. तेव्हा ती म्हणायची, "पोरीचं वय कागदावर जितकं कमी, तितकं बरं असतं बाई."

मुलीच्या लग्नाला अठरा पुरी लागतात, हा कायदा १९७८ चा. आमच्याकडं तो कुणी विचारात घेत नव्हतं. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून आगाऊ पैसे, म्हणजे उचल, घेतलेली माणसं ऊसतोडीला निघत, आणि तिथं नवरा-बायकोचा मिळून एक कोयता मोजतात. पोराचं लग्न लावलं की घरात आणखी एक कोयता. म्हणून घाई. माझ्या दोन वर्षं पुढं असलेल्या एका मुलीचं लग्न नववीतच ठरलं. मांडव पडला. आदल्या दिवशी आत्या तिच्या बापाच्या दारात जाऊन उभी राहिली, हातात तिच्या नावाचा, शाळेच्या रजिस्टरातला निर्गम उतारा. "हे बघ, कागद म्हणतो चौदा. उद्या अक्षता पडल्या तर परवा मी कळंबला पोलीस ठाण्यात."

कागद खोटा होता. मुलगी सोळाची होती. बापाला माहीत होतं, आत्यालाही. पण कागदाशी कोण भांडणार? मांडव उतरला. आत्याशी त्या घरानं चार वर्षं बोलणं टाकलं होतं.

दरवेळी असं जमलं नाही, हेही लिहायला हवं. कित्येक जणी तिच्या डोळ्यांदेखत लग्न होऊन गेल्या, आणि त्यांची नावं पटावरून कमी करताना ती दिवसभर कुणाशी धड बोलत नसे. आणि ती काही देवी नव्हती. हात सैल होता तिचा. ज्या कानावर पोरांना शाळेत घ्यायची तोच कान पुढं चार वर्षं पिरगाळायची. माझा भाऊ दहावी नापास झाला तेव्हा सहा महिने त्याला वाढलेल्या ताटाकडंही तिनं बघितलं नाही. लग्न झालं होतं तिचं, मोडलं; त्यावर आमच्या घरात कुणी बोलत नाही, मीही नाही लिहीत.

बहात्तरच्या दुष्काळात ती नवी नवी बाई होती. पोरं आई-बापांबरोबर खडी फोडायला गेलेली, शाळेत चिटपाखरू नाही. तर ही हजेरीपट घेऊन खडीच्या कामावर जायची, सुकडी वाटायच्या वेळेला, कारण तेव्हा सगळी एका जागी सापडत. किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तेव्हा मी तिच्याच वर्गात होते. आमच्याकडं भिंतींना तडे गेले, जीव वाचले. पण दगडमातीच्या भिंतीखाली बसायला कुणी तयार होईना. तिनं फळा उचलून लिंबाखाली नेला आणि दिवाळीपर्यंत शाळा तिथंच. पाढे म्हणताना फळ्यावर लिंबाची पानं पडायची, ती न पुसता झटकायची.

परवा ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करायला गेले. एकवीस दिवसांच्या आत करावी लागते. तिथला कर्मचारी तिचाच विद्यार्थी. अर्ज भरता भरता थांबला. "ताई, बाईंची जन्मतारीख कंची टाकू? खरी का कागदावरची?"

पेन्शनचे कागद जुळायला हवेत. म्हटलं, "कागदावरचीच टाक."

आज संध्याकाळी तिचा फोन आला, मांडव उतरलेल्या त्या मुलीचा. पुढं नर्सिंग केलं तिनं, आता लातूरला असते. दर एक जूनला आत्याला फोन करायची. यंदा मला केला. बराच वेळ दोघी नुसत्या पावसाचंच बोललो. मग म्हणाली, "लेकीची तारीख मात्र मी खरी लावलीय बघ. दवाखान्यातली. वेळेसकट."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. "थांब गं, गॅस बारीक करून येते," म्हणाली, आणि फोन तसाच चालू ठेवून गेली.