‘वध’ या शब्दाचे भाषांतर

२२ जुलै, रात्री

एका जाहीर सभेतील भाषणाचा इंग्रजी अनुवाद आज पुरा करायचा होता आणि ‘यांना आता घरी बसवा’ या चार शब्दांपाशी मी बराच वेळ अडलो. मराठी श्रोत्याला त्यात मतपेटीच दिसते. ते शब्दशः इंग्रजीत नेले तर धमकीसारखे वाटते, आणि नुसते ‘यांचा पराभव करा’ असे लिहिले तर ज्या वाक्याला टाळ्या पडल्या ते वाक्यच उरत नाही. कॅलेंडरकडे लक्ष गेले आणि लोकमान्य टिळक आठवले. १९०८ साली याच तारखेला मुंबईच्या उच्च न्यायालयात त्यांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली.

टिळकांचे राजकीय मराठी मला घरातल्या वडीलधाऱ्याच्या बोलण्यासारखे वाटते. ६ जुलै १८९७ च्या ‘केसरी’त त्यांनी विचारले, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा प्रश्न आपण बेताल वागणाऱ्या मुलाला किंवा भावाला विचारतो. तोच साम्राज्याला विचारला की, एकही युक्तिवाद सुरू होण्याआधी, वाचकाच्या मनातील साम्राज्याचा दरारा थोडा उतरतो. मन वळवण्याची ही शक्ती शब्दाच्या अर्थापेक्षा त्याच्या घरगुती वापरात आहे, आणि तो वापर कोणत्याही शब्दकोशात पुरता सापडत नाही.

त्याच वर्षी त्यांच्यावर राजद्रोहाचा पहिला खटला चालला. ‘केसरी’ने शिवाजी उत्सवाच्या वृत्तांतात अफझलखानाच्या मृत्यूची जी चर्चा छापली होती, ती सरकारपक्षाला खुपली होती. मराठीत आपण त्याला अफझलखानाचा वध म्हणतो. रावणाचा वध होतो, शेजाऱ्याचा खून होतो; कृत्य न्याय्य होते की नाही, याचा निवाडा आपली भाषा शब्द निवडतानाच करून टाकते. इंग्रजीत एक शब्द घेतला तर गुन्ह्याची कबुली होते आणि दुसरा घेतला तर केवळ घटना उरते. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी तर ज्यूरीला सांगितले की राजद्रोहाच्या कायद्यातील ‘अप्रीती’ (डिसअफेक्शन) म्हणजे प्रीतीचा अभाव. सहा युरोपीय ज्यूररांनी टिळकांना दोषी ठरवले, तीन हिंदी ज्यूररांनी निर्दोष. शिक्षा दीड वर्षाची झाली.

१९०८ च्या खटल्यात न्यायासनावर दिनशा दावर होते, ज्यांनी १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकिली केली होती. मुझफ्फरपूरला क्रांतिकारकांनी टाकलेल्या बॉम्बनंतरच्या ‘केसरी’तील अग्रलेखांवरून हा खटला उभा राहिला. टिळकांनी स्वतःच बाजू मांडली आणि ते एकवीस तासांहून अधिक बोलले. लेखांच्या भाषांतराने मूळ अर्थाचा विपर्यास केला आहे, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. आयुष्यभर मराठीतून लोकांची मने वळवणारा हा माणूस त्या दिवसांत इंग्रजीतून नऊ जणांचे मन वळवू पाहत होता. दोन पारशी ज्यूरर त्यांच्या बाजूने राहिले, सात युरोपीय राहिले नाहीत. बाहेर मात्र मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांच्या हरताळाने उत्तर दिले. त्यांच्यातील अनेकांना अक्षरओळखही नव्हती, तरी टिळक काय म्हणत होते हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नव्हते.

टिळकांची भाषांतराविषयीची तक्रार मला अनुवादक म्हणून मनापासून पटते. तरीही ती पूर्ण उत्तर आहे असे मी मानत नाही. त्या लेखांत जुलमाविरुद्धची चीड होतीच आणि वाचकांना ती ऐकू आली होती, म्हणून तर ते लेख प्रभावी ठरले. चीड हा गुन्हा ठरवणे हा अन्याय होता, पण ती भाषांतरानेच निर्माण केली असे म्हणणे टिळकांच्या लेखणीला कमी लेखण्यासारखे होईल. अनुवादकाने चीड लपवू नये आणि वाढवूही नये. मला एवढेच करायचे आहे आणि तेच अवघड जाते आहे.

शेवटी मी ‘घरी बसवा’ हे शब्द अनुवादात देवनागरीतच ठेवले आणि खाली दोन ओळींची टीप लिहिली. सभेत त्यावर हशा पिकला होता, हेही त्या टिपेत नमूद केले.