बाळ्ळीत चहाला थांबलो तेव्हा

"इथे बघण्यासारखं काय आहे हो?" पुण्याच्या पाहुण्यांनी विचारलं. गाडी दक्षिण गोव्यात, पाळोळ्याच्या समुद्रकिनाऱ्याच्या वाटेवर, बाळ्ळी गावात चहासाठी थांबलेली.

ड्रायव्हरदादा म्हणाले, "इथे काही नाही. पुढे पाळोळ्याला चला."

पाहुणे फोटो काढायला लांब गेले, तेव्हा ड्रायव्हरदादा मला हळूच म्हणाले, "त्या दिवशी मोर्चात मीपण होतो."

ते वेळीप या आदिवासी समाजाचे. 'त्या दिवशी' म्हणजे २५ मे २०११. 'उटा' या आदिवासी संघटनांच्या आघाडीचं इथे बाळ्ळीत झालेलं आंदोलन, आणि त्यात दोन आदिवासी तरुणांचा मृत्यू. गोव्यातल्या गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्येच मिळाला होता. तरी त्यातून येणाऱ्या हक्कांसाठी आठ वर्षांनी रस्त्यावर उतरावं लागलं.

मग ते आणखी एक बोलले, तेच डोक्यातून जात नाही. "हॉटेलात आमचा नाच ठेवतात, बायकांना कुणबी साडी नेसवून. लोक टाळ्या वाजवतात. पण बाळ्ळीचं कोण विचारत नाही. आणि मीपण सांगत नाही. गिऱ्हाईक सुट्टीवर आलेलं असतं ना!"

आदिवासी पर्यटन, होमस्टे, केपे-सांगे-काणकोण तालुक्यांचा 'अस्सल गोवा'... हे सगळं येऊ दे की. चार पैसे गावात राहिले तर वाईट काय? पण वनहक्क कायदा २००६ चा, आणि त्याखालचे जमिनीचे कित्येक दावे अजून लोंबकळतायत. ज्याच्या अंगणात होमस्टे, त्या अंगणाचाच कागद नसेल तर पाहुणचार कुणाच्या नावावर करायचा?

केपे-काणकोणच्या मित्रांनो, तुमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना तुम्ही हे सांगता का? सांगितल्यावर ते ऐकतात?