बंद बोअर आणि हापशीचं पाणी

मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये आहे, नमुने बाटलीत भरून आमच्याकडेच येतात त्यामुळे गावात जायचा प्रसंग कमीच, पण वरुड तालुक्यातल्या एका गावच्या हापशीचा नमुना पुन्हा पुन्हा खराब यायला लागला. जंतू तपासायची एच टू एसची बाटली रात्रभरात काळी, म्हणजे पाण्यात मैल्याचे जंतू, नायट्रेट ८० च्या वर, आणि मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. शेवटी मी आणि आमचे जिऑलॉजिस्ट गेलोच.

संत्र्याचा पट्टा, बागा जगवायला बोअर खाली खाली गेलेले. कायदा म्हणतो शेतीसाठी २०० फुटांच्या खाली जायचं नाही, पण बोअर मारणाऱ्या रिगवाल्याला कोण विचारतंय!

गावचं पाणी शुद्ध करायचं काम बघणारा जलसुरक्षक म्हणाला, "मॅडम, मी टीसीएल टाकतो ना बरोबर." टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. अरे पण ते विहिरीत, हापशीत नाही, आणि क्लोरीनने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, पाणी उकळलं तर उलट वाढतं. हापशीचा ओटा धड होता, उकिरडा लांब, म्हणजे घाण तिथून मुरत नव्हती. नायट्रेट खतातून येतं म्हणावं तर ते सगळ्याच शिवारात पडतं, मग बाकीच्या हापशा कशा बऱ्या?

मग घरोघरी फिरलो. जवळच्याच एका नव्या घरी काकांना सहज विचारलं, संडासची टाकी कधी उपसली? "उपसायची गरजच नाही पडली," एकदम अभिमानाने. मागे गेलो तर संडासचा पीव्हीसी पाइप सरळ जुन्या बोअरच्या केसिंगमध्ये सोडलेला, वर गोणपाट अन् दगड. "३०० फूट मारला होता, आटला, म्हटलं वाया कशाला घालवायचा. एवढ्या खोल गेल्यावर कोणाला काय त्रास?"

केसिंग म्हणजे बोअरमधला पाइप, तो असतो फक्त वरच्या मुरमापुरता, खाली नुसता खडक. मातीतून गाळून जायचं ते मैलापाणी थेट भेगांत, आणि त्याच भेगांतून हापशीला पाणी येतं! जिऑलॉजिस्टसाहेबांनी त्यांना हे अंगणात काडीने रेघा मारून समजावलं. काका म्हणे, आम्ही तर आरओची कॅन आणतो. आता काय बोलणार.

पाणी पिऊ नये हे कळावं म्हणून हापशीला लाल रंग मारायला सांगितलं, पाइप काढून शोषखड्डा करायचा, बोअर बुजवून वरून सिमेंट. बायका विचारत होत्या मग आम्ही पाणी कुठून आणायचं, तर ग्रामसेवकाने तात्पुरता टँकर कबूल केला. सरपंचांचं म्हणणं एकच, नवीन बोअरचा प्रस्ताव पाठवा. मी म्हटलं आधी गावातले बंद बोअर मोजा, नुसत्या त्या गल्लीतच सात निघाले, त्यातल्या दोनांत पाइप.